घरचे आजारपण आणि आमची आजी
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी ‘कौटुंबिक जीवन’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आम्ही तामलवाडीचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यापुढे काय ते अध्यापकाचे प्रशिक्षण. तेव्हा मोठा ग्रंथाधार देऊन बोलण्याची आमची पात्रता नाही. परंतु एका कुटुंबात सदुसष्ट वर्षे काढली, आणि पस्तीसहून अधिक वर्षे परक्यांची मुले शिकविली, इतक्या अनुभवाच्या बळावर जे सुचेल ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

कुटुंबाविषयी आपण मेळाव्यात बोलतो ते बहुधा मंगल प्रसंगांच्या निमित्ताने. वधूवरांचा परिचय, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, ज्येष्ठांचे अभीष्टचिंतन, हे सारे योग्यच आहे. तथापि कुटुंबाची परीक्षा मांडवात होत नाही. ती होते घरातील एखादे माणूस अंथरुणाला खिळते तेव्हा. त्या वेळी त्या माणसाचे अंथरूण कोठे घातले जाते, त्याचे ताट कोण वाढते, शेजाऱ्यापाजाऱ्यांस काय सांगितले जाते, यावरून घराचे खरे स्वरूप कळते. म्हणून आज आम्ही एका आजाराविषयी बोलणार आहोत. तो आजार म्हणजे क्षय. आमच्या एकाच घरात तो तीन पिढ्यांत तीन वेळा आला. पहिल्या दोन्ही वेळी त्याच्याशी झुंज दिली ती आमच्या आजीने. तिसऱ्या वेळी ती हयात नव्हती, परंतु तिने घालून दिलेली रीत घरात होती.

क्षयाचे नाव काढताच आजही आपल्याकडे आवाज खाली येतो. वास्तविक हा रोग काही हलक्या घराचा नव्हे. दक्षाच्या शापाने प्रत्यक्ष चंद्रास क्षय जडला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आयुर्वेदाने त्यास राजयक्ष्मा म्हटले. ज्यांच्या नावाचा आपणां सर्वांस अभिमान वाटतो त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचेच पाहा. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु त्या कामावर रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. स्वतः डॉक्टर असलेल्या बाईस या रोगाने सोडले नाही, कारण त्या काळी त्यावर औषधच नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या रोगाचा जंतू जगापुढे ठेवला होता खरा, परंतु जंतू सापडला म्हणून औषध सापडले असे होत नाही. त्यास आणखी साठ वर्षे लागली.

या साठ वर्षांच्या काळातच आमच्या घरची पहिली हकिगत घडली. त्या वेळी आमचे गाव निजामी मुलखात होते आणि सोलापूर इंग्रजी अमलाखाली. गावापासून थोड्या अंतरावर सरहद्द. बाजारहाट सोलापुरास, कोर्टकचेरी धाराशिवास, अशी आमच्या वाडवडिलांची ओढाताण असे. खिशातला हाली रुपया सरहद्दीपलीकडे चालत नसे, तो मोडून कलदार घ्यावा लागे. अशा काळात आमच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीस सासरी खोकला लागला, ज्वर येऊ लागला. सासरच्यांनी काही दिवस कोणास कळू दिले नाही. पुढे रक्त पडू लागले तेव्हा तिला गाडीत घालून माहेरी आणून सोडले. आमच्या पणजोबांनी तिची व्यवस्था गोठ्यालगतच्या पडवीत केली. पडवीस खिडकी नव्हती. भाकरी उंबऱ्याशी ठेवायची आणि मागे सरायचे, असा नियम होता. ती चार महिन्यांत वारली. आमची आजी तेव्हा घरात नवी सून होती. तिच्याने बोलवत नव्हते. परंतु ती पडवी तिच्या डोळ्यांपुढून पुढे कधी हलली नाही.

यानंतर चार-पाच वर्षांनी, म्हणजे १९३७ च्या सुमारास, आजोबांसच तो खोकला लागला. त्या वेळी आजीचे वय तिशीच्या आतले, पदरी तीन मुले, त्यांतले मधले म्हणजे आमचे वडील. घरातून लगेच पडवी झाडण्याची भाषा सुरू झाली. आजीने पहिल्याने तोंड उघडले ते त्या दिवशी. तिने सासऱ्यांस सांगितले, “मामंजी, त्या पडवीत आता कुणाला बी निजवू नगा. मी त्येंला घिऊन मिरजंला जाते.”

मिरजेचे नाव त्या काळी आपल्या भागात घरोघर होते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे मिशनचे रुग्णालय उभे केले होते आणि पुढे त्याच्या जोडीस क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामही झाले होते. एक बैलजोडी विकून उभयतां निघाली. सोलापुरापर्यंत बैलगाडी, तेथून आगगाडीने कुर्डुवाडी, आणि कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने पंढरपूरमार्गे मिरज. ही छोटी गाडी १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली होती, म्हणून हा प्रवास तरी शक्य झाला. आजीने आगगाडी पाहिली ती याच प्रवासात पहिल्यांदा.

तीन महिने तेथे काढल्यावर पैसा संपला आणि ती परत आली. औषध तेथेही नव्हते. होती ती मोकळी हवा, ऊन, विश्रांती, सकस अन्न आणि शिस्त. आजीस लिहितावाचता येत नव्हते, परंतु तेथील परिचारिकांनी सांगितलेले नियम तिने जन्मभर शब्दशः पाठ ठेवले. थुंकी जमिनीवर टाकायची नाही, झाकणाच्या डब्यात राख घालून त्यात टाकायची आणि सांजच्याला जाळायची. खोकताना तोंडावर फडके धरायचे. बंद खोलीत निजायचे नाही. आजाऱ्याचे पांघरूण रोज उन्हात टाकायचे. आणि घरातले चांगले अन्न आधी त्याच्या ताटात पडले पाहिजे.

आजोबांची बाज तिने अंगणातल्या लिंबाखाली घातली, पावसाळ्यात वर पत्र्याचे छप्पर केले. दूध हवे म्हणून दोन शेळ्या बाळगल्या. आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने प्रसिद्ध असलेली उस्मानाबादी शेळी काटक खरी. ती बांधाच्या काट्याकुट्यावर जगते, आणि गरिबाच्या घरीही लेकराला व आजाऱ्याला दूध मिळते. सकाळी दूध, दुपारी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, रात्री हुलग्याचे माडगे, असा तिचा क्रम होता. लोक येत नसत. पाणवठ्यावर बायका घागर बाजूला घेत. आजीने कोणाशी भांडण केले नाही, पण आजोबांस आत कोंडलेही नाही.

आजोबा १९३९ मध्ये वारले. औषधावाचून जितके होण्याजोगे होते तितकेच झाले. परंतु घरात इतके दिवस क्षयाचा रोगी असूनही तिन्ही मुलांपैकी एकासही तो आजार झाला नाही. त्यांतले सारेच श्रेय नियमांस देता येईल असे आम्ही म्हणणार नाही. तथापि मोकळी हवा आणि ऊन यांनी संसर्ग कमी होतो, हे आज वैद्यकशास्त्रही सांगते. आणि आणखी एक गोष्ट. आजोबा गेले ते आपल्या माणसांत गेले. आत्याआजीसारखे उंबऱ्यापलीकडे गेले नाहीत. आमचे वडील तेव्हा आठ वर्षांचे होते. आपल्या बापाच्या बाजेशी बसून पाढे म्हटल्याची आठवण ते म्हातारपणापर्यंत सांगत.

पुढे काळ पालटला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी अमलातून मुक्त झाला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. वैद्यकशास्त्रातही तितकीच मोठी क्रांती झाली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे गोळीचे औषध वापरात आले. आता प्रश्न असा उभा राहिला, की आपल्यासारख्या गरीब देशात लाखो रोग्यांना आरोग्यधामात खाटा कोठून पुरवायच्या? या प्रश्नाचे उत्तर १९५९ मध्ये मद्रासहून आले. १९५६ मध्ये तेथे स्थापन झालेल्या क्षयरोग उपचार केंद्राने गरीब वस्त्यांतील रोग्यांचे दोन गट केले. एका गटास आरोग्यधामात ठेवून औषध दिले, दुसऱ्यास आपापल्या घरीच ठेवून तेच औषध दिले. आरोग्यधामातील रोग्यांना अन्न चांगले होते, विश्रांती होती. घरच्यांना दाटीची खोली आणि जेमतेम अन्न. असे असूनही दोन्ही गटांतील बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. आणि महत्त्वाचे हे, की औषध घेणारा रोगी घरी राहिल्यामुळे घरच्या माणसांस अधिक धोका झाला नाही. साऱ्या जगाने यानंतर क्षयरोग्यास घरीच उपचार देण्याचा मार्ग धरला. आपल्या देशात १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तोही याच पायावर. बंधूंनो, रोग्यास घराबाहेर काढण्याचे कारण त्या दिवशी शास्त्राने निकालात काढले. आपल्या मनांतून ते अद्याप गेले नाही, ही आमची खंत आहे.

आता दुसरी हकिगत, म्हणजे आमची स्वतःची. १९८१ मध्ये आम्ही तेवीस वर्षांचे होतो आणि तालुक्यातीलच एका खेड्यात शिक्षक होतो. संध्याकाळी कणकण येई, रात्री घामाने अंथरूण भिजे, वजन उतरले. फळ्यावर लिहिता लिहिता खोकल्याची उबळ आली आणि रुमालावर रक्त दिसले. सोलापुरास जाऊन क्ष-किरण छायाचित्र काढले, थुंकी तपासली. निदान तेच निघाले. त्या काळचा उपचार दीड वर्षाचा असे. पहिले दोन महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन आणि त्याबरोबर गोळ्या, पुढे नुसत्या गोळ्या. इंजेक्शनाने कानांत घणघण होई, चालताना तोल जाई. गोळ्यांनी अन्नावरची वासना उडे.

आजी तेव्हा सत्तरी ओलांडलेली. तिने बाज लिंबाखाली काढली, ती चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच्याच जागी. घरातल्या कोणी आमचे ताट वेगळे ठेवले, तेव्हा ती म्हणाली, “ताट येगळं कशापायी? खोकला ताटानं लागत न्हाई. मिरजंच्या बाईनं मला सांगितलंय.” ती बरोबर होती. क्षय हा फुप्फुसाच्या रोग्याच्या खोकल्यातून हवेवाटे पसरतो, भांड्यांतून किंवा स्पर्शातून नव्हे, आणि तो आनुवंशिक तर नव्हेच नव्हे. हे आजही आपल्यातील सुशिक्षित म्हणविणाऱ्यांस सांगावे लागते.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत ज्वर गेला, खोकला थांबला, वजन वाढले. अशा वेळी दर रोग्यास वाटते तेच आम्हांसही वाटू लागले, की आता गोळ्या कशाला? येथे आजीची एक युक्ती कामास आली. चुलीशेजारी तिने एक गाडगे ठेवले होते. रोज सकाळी आम्ही तिच्यासमोर गोळ्या गिळायच्या आणि मग तिने त्या गाडग्यात एक चिंचोका टाकायचा. डॉक्टरांनी दीड वर्ष सांगितले, म्हणजे पाचशे चाळीस चिंचोके, हा हिशेब तिने आमच्याकडूनच करवून घेतला होता. एखाद्या दिवशी आम्ही शाळेच्या घाईत तसेच निघालो, तर ती दाराशी येऊन उभी राही. “लेकरा, आजचा चिंचोका पडायचा हाय.” एवढेच बोले. पुढे १९९७ पासून आपल्या देशात सुधारित क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याचा एक मुख्य भाग हाच, की रोग्याने दुसऱ्या माणसाच्या देखत औषध घ्यावे, म्हणजे ते मध्येच सुटत नाही. त्यास ‘डॉट्स’ म्हणतात. अर्धवट सोडलेल्या औषधाने जंतू मरत नाहीत, उलट ते औषधास दाद देईनासे होतात आणि मग रोग दुप्पट कठीण होतो. हे शास्त्र आजीस ठाऊक नव्हते. आरंभलेले काम शेवटास न्यायचे, इतकेच तिला ठाऊक होते.

या प्रसंगातील सर्वांत महत्त्वाचा भाग अजून सांगावयाचा आहे, आणि तो वधूवर परिचयाच्या या व्यासपीठावर सांगणे अगदी उचित होईल. १९८२ च्या अखेरीस आमचा उपचार संपला, थुंकी निर्दोष निघाली. घरात लग्नाची बोलणी सुरू झाली. नातलगांचे म्हणणे असे, की झाले गेले विसरावे, मुलीकडच्यांस सांगून स्थळ घालवू नये. आजीने ते मानले नाही. पाहुणे आले, चहापाणी झाले, तेव्हा ती स्वतः बाहेर आली आणि मुलीच्या वडिलांस म्हणाली, “पाव्हणं, पोराला खोकल्याचं दुखणं झालतं. दीड वरीस औषीद घेतलं. आता बरा हाय. तुमच्या लेकीला हे म्हाईत असू द्या, मग काय ते ठरवा.”

ते पाहुणे पुन्हा आले नाहीत. घरात आजीस बोल लावले गेले. आमच्याही मनास लागले, हे सांगितले पाहिजे. दोन महिन्यांनी दुसरे स्थळ आले. आजीने तेच शब्द पुन्हा सांगितले. त्या मुलीच्या वडिलांनी सोलापुरास जाऊन डॉक्टरांस विचारले आणि परत येऊन होकार दिला. पुढे त्यांनीच आम्हांस सांगितले, की जे घर आजार लपवीत नाही ते आपल्या मुलीसही काही लपविणार नाही, असा विचार त्यांनी केला. १९८३ मध्ये ते लग्न झाले. ती मुलगी म्हणजे आमची सहधर्मचारिणी, जी या क्षणी समोर महिलांच्या रांगेत बसली आहे. चाळीसहून अधिक वर्षांचा आमचा संसार त्या एका सत्य वाक्यावर उभा आहे, असे आम्ही मानतो.

आजी १९९० च्या मृगात गेली. शेवटपर्यंत तिच्या हातापायांत बळ होते, दृष्टी मात्र गेली होती. तुळजापूरच्या आईवर तिची निस्सीम श्रद्धा. परंतु आमच्या आजारात कोणी नवस बोलावयास सांगितले, तर ती म्हणे, “नवस बी करू, पर गोळी आधी.” श्रद्धा आणि औषध यांत तिला कधी भांडण दिसले नाही.

तिसरी हकिगत अलीकडची. २०१९ च्या डिसेंबरात आमच्या सूनबाईंचा खोकला तीन आठवडे हटेना. मुलाने त्यांस सरकारी दवाखान्यात नेले. आता तपासणीची यंत्रे अशी आहेत, की थुंकीत क्षयाचे जंतू आहेत काय आणि ते मुख्य औषधास दाद देतील काय, हे काही तासांत कळते. निदान झाले. दुसऱ्याच दिवशी जवळच्या एका वडीलधाऱ्या आप्तांचा निरोप आला, की बरी होईपर्यंत सूनबाईस माहेरी पाठवावे, घरात तीन वर्षांचा नातू आहे, आणि तुम्हांस स्वतःस मधुमेह आहे. निरोप काळजीपोटी होता, यात शंका नाही. मधुमेह्यास क्षय होण्याचा संभव इतरांहून दोन-तीन पटींनी अधिक असतो, हेही खरे. परंतु आमच्या घरातून याच रोगाने एक मुलगी सासरहून माहेरी धाडली गेली होती, आणि तिचे पुढे काय झाले हे आमच्या वडिलांच्या तोंडून आम्ही सर्वांनी ऐकले होते. आमच्या पत्नीने निरोप आणणाऱ्यास सांगितले, “सून आमची, दुखणे आमचे. ते आमच्याच घरी बरे होईल.”

तसेच झाले. सूनबाईंची खोली माडीवरची, दोन खिडक्यांची केली. पहिले काही आठवडे तोंडास फडके बांधले. योग्य औषध सुरू झाले म्हणजे बहुतेक रोग्यांपासून होणारा संसर्ग थोड्याच आठवड्यांत पुष्कळ कमी होतो, असे डॉक्टरांनी समजाविले. घरातील सर्वांची तपासणी झाली. नातवास प्रतिबंधक म्हणून सहा महिने आयसोनियाझिडची गोळी दिली. आम्ही आपली साखर काटेकोर ताब्यात ठेवली. गोड सोडले, सकाळी वेशीपर्यंत फेरी धरली, नवरात्रातील कडक उपवास डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडून दिले. उपचार आता दीड वर्षाचा राहिलेला नाही. साध्या क्षयास सहा महिने पुरतात, पहिले दोन महिने चार औषधे, पुढील चार महिने तीन. मार्च २०२० मध्ये करोनामुळे सर्वत्र टाळेबंदी झाली, वाहने बंद पडली. तेव्हा गावच्या आशाताई गोळ्या घरपोच करीत. त्यांचे ऋण आम्ही विसरू शकत नाही. पुढील जूनमध्ये उपचार पूर्ण झाला. आज सूनबाई ठणठणीत आहेत. गोळ्यांचा हिशेब आमच्या पत्नीने त्याच जुन्या रीतीने ठेवला आणि चिंचोका टाकण्याचा मान नातवास दिला होता.

या तीन हकिगती एकापुढे एक ठेवल्या म्हणजे काय दिसते? औषध बदलले. १९३७ मध्ये ते नव्हते, १९८१ मध्ये दीड वर्षाचे होते, २०१९ मध्ये सहा महिन्यांचे झाले. परंतु औषध पोटात जाईल हे पाहणारे माणूस, पोटभर अन्न आणि आजारी माणसास आपले म्हणणारे घर, यांची गरज तिन्ही वेळी सारखीच होती. अन्नाविषयी तर नुकतेच मोठे प्रमाण मिळाले आहे. झारखंड राज्यातील चार जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या कुटुंबांस दरमहा धान्य व डाळी देऊन केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या घरांतील सर्व माणसांस हे अधिक अन्न मिळाले, त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाले. रोग्याचे ताट भरलेले असावे हे आजी म्हणे. सोबतच्यांचेही भरलेले असावे, हे आता शास्त्राने सांगितले.

जगातील एकूण क्षयरोग्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. म्हणजे आपल्या समाजातही तो असणारच. मग आपल्या कानांवर तो का येत नाही? कारण तो लपविला जातो. मुलीचे लग्न व्हावयाचे असते म्हणून लपविला जातो, सुनेचा असेल तर सासरचे नाव जाईल म्हणून लपविला जातो. लपविलेल्या आजारास उपचार उशिरा मिळतो, आणि तोवर तो घरातील आणखी कोणास गाठतो. लपविल्याने अब्रू वाचते असे वाटते, प्रत्यक्षात माणूस जाते.

म्हणून या मेळाव्यापुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, घरातील कोणासही दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर त्यास विनाविलंब तपासणीस न्यावे. सरकारी दवाखान्यांत तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य आहेत, शिवाय २०१८ पासून रोग्याच्या खात्यात आहारासाठी दरमहा रक्कम जमा होते. ती आरंभी पाचशे रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाली आहे. दुसरी, वधूवर परिचयाच्या वेळी झालेला आजार मोकळेपणाने सांगावा, आणि ऐकणाऱ्यांनी पूर्ण बऱ्या झालेल्या मुलास वा मुलीस त्या कारणावरून नाकारू नये. शंका असल्यास डॉक्टरांस विचारावे, शेजाऱ्यास नव्हे. तिसरी सूचना आपल्या कार्यकारी मंडळास. सप्टेंबर २०२२ पासून सरकारने ‘नि-क्षय मित्र’ नावाची योजना चालविली आहे. तीत कोणतीही व्यक्ती वा संस्था क्षयरोग्यास उपचारकाळात दरमहा आहाराची शिधापेटी देऊ शकते. आपल्या मंडळाने दरवर्षी निदान दहा रोग्यांचा भार उचलावा, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असोत. सत्काराच्या शाली-श्रीफळांतून थोडी काटकसर केली तरी हे सहज होईल. या कामासाठी आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून पहिल्या एका शिधापेटीची वर्षाची रक्कम आजच खजिनदारांकडे जमा करीत आहोत.

आमच्या आजीचा एकही फोटो घरात नाही. तिचे नाव कोणत्या पाटीवर नाही, आणि तिलाही ते आवडले नसते. परंतु आपल्यापैकी एखाद्या घरात या वर्षी कोणास खोकला झाला, आणि त्या घराने त्या माणसास पडवीत न टाकता वेळेवर दवाखान्यात नेले, त्याचे ताट आपल्या पंक्तीत मांडले, तर तिच्या कष्टांचे चीज झाले असे आम्ही समजू.

 श्री तुळजाभवानी आपणां सर्वांस निरोगी दीर्घायुष्य देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.